‘डॉक्टर, चान्सेस किती आहेत?’ : जुगाराच्या पटावरून दवाखान्यात आलेलं गणित

माझ्या कन्सल्टिंग रूमच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये रिफ्लेक्स हॅमर, टॉर्च, जुने पेन आणि पत्त्यांचा एक कॅट असतो. पहिल्यांदा पाहणारे पेशंट जरा दचकतात. डॉक्टर दुपारी रमी खेळत बसतात की काय, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. तो कॅट तिथे का आहे हे सांगायला थोडं इतिहासात शिरावं लागेल. सोबत या.

तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न ‘काय झालंय?’ हा नाही. तो आहे, ‘डॉक्टर, चान्सेस किती आहेत?’ ऑपरेशन असो, अँजिओग्राफी असो, नाहीतर आयसीयूच्या दाराबाहेर उभा असलेला मुलगा असो. आम्ही डॉक्टर मग एखादा आकडा सांगतो किंवा आकडा टाळून ‘बघू, देवाची इच्छा’ म्हणतो. हा ‘चान्स’ आकड्यात मोजता येतो ही कल्पनाच मुळात वैद्यकशास्त्रातली नाही. ती जुगाऱ्यांकडून आली. आणि पहिल्यांदा कागदावर मांडणारा जुगारी पेशानं डॉक्टर होता, हे मला एमडी होईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

आधी आपल्याकडची एक गोष्ट. नळ-दमयंतीचं आख्यान तुम्ही ऐकलं असेल. महाभारताच्या वनपर्वात ते येतं. द्यूतात राज्य हरलेला नळ बाहुक नावानं अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दोघं रथातून विदर्भाकडे निघालेले असताना वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण झाडाकडे पाहून पानांची आणि फळांची संख्या सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून मोजायला लागतो, आणि आकडा बरोबर निघतो. हे कसं जमलं असं विचारल्यावर राजा सांगतो की त्याला फाशांची विद्या येते, म्हणून संख्याही कळतात. मग नळ त्याला अश्वविद्या देतो आणि बदल्यात ही अक्षविद्या घेतो.

झाड बेहड्याचंच का? कारण त्या काळी द्यूतासाठी बेहड्याचीच फळं वापरत. तुमच्या घरी त्रिफळा चूर्णाची बाटली असेल तर त्यातला हिरडा, बेहडा आणि आवळ्यापैकी मधला तो हाच. थोडंसं पाहून सगळ्याचा अंदाज बांधणं आणि फाशाचं दान ओळखणं ही एकाच विद्येची दोन अंगं आहेत, हे ही गोष्ट रचणाऱ्याला ठाऊक होतं. आजचा सर्व्हे किंवा रक्ताच्या एका थेंबावरून केलेली तपासणी याहून फार वेगळी नाही.

मोजणीची दुसरी तयारीही आपल्याकडे झालेली होती, आणि तीही वैद्यकातून. सुश्रुतसंहितेत गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट या सहा रसांची मिश्रणं किती होतात ते दिलंय : ६३. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५० च्या सुमारास) हेच उदाहरण रीतीसकट येतं. सहातून दोन रस निवडायचे तर सहा गुणिले पाच, भागिले दोन, म्हणजे १५. तीन निवडायचे तर २०. याच भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला, तिथे तसा शिलालेख आहे. ही रीत लक्षात ठेवा. बावन्न पत्त्यांतून पाच निवडायची वेळ आली की ती पुन्हा लागेल.

आता इटलीत जाऊ.

जिरोलामो कार्दानो १५०१ साली पाव्हियात जन्मला. आई-वडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि हा डाग त्याला आयुष्यभर नडला. वैद्यकाची पदवी मिळवूनही मिलानच्या वैद्यमंडळानं त्याला ‘अनौरस’ म्हणून सदस्यत्व दिलं नाही. पादुआजवळच्या एका लहान गावात तो प्रॅक्टिस करू लागला. ज्यांनी खेड्यात दवाखाना टाकलाय त्यांना सांगायला नको की पहिली काही वर्षं पेशंटपेक्षा माश्या जास्त असतात. कार्दानोचं पोट बरेचदा जुगारावर चालायचं. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात त्यानं कबूल केलंय की बुद्धिबळ चाळीसेक वर्षं आणि फासे पंचवीसेक वर्षं तो खेळला, आणि शरमेनं सांगतो की जवळपास रोज खेळला.

माणूस विलक्षण होता. व्हेनिसमध्ये एका सरदाराच्या घरी तो पत्ते हरत होता. पत्त्यांवर खुणा केल्यात हे लक्षात येताच त्यानं यजमानाच्या तोंडावर खंजीर मारला, पैसे उचलले आणि पळाला. रात्री अंधारात कालव्यात पडला. लोकांनी ओढून नावेत घेतलं तर नाव त्याच सरदाराची! आणि त्या सरदारानं त्याला कोरडे कपडे दिले. हे सगळं त्यानंच लिहून ठेवलंय, तेव्हा थोडं मीठ चोळून घ्या.

पण डॉक्टर म्हणूनही तो मोठा होता. अंगावर पिसवा चावल्यासारखे ठिपके उठणारा ताप, म्हणजे आपला टायफस, याचं वेगळं वर्णन करणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांत त्याचं नाव घेतात. १५५२ साली तो थेट एडिंबराला गेला, तिथल्या आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या दम्यावर इलाज करायला. त्यानं बरंच पथ्य सांगितलं, आणि पिसांची गादी-उशी काढून टाकायला लावली. आर्चबिशपना आराम पडला. ॲलर्जी हा शब्द जन्माला यायला अजून साडेतीनशे वर्षं होती.

याच माणसानं फाशांच्या आणि पत्त्यांच्या खेळावर लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात एक वाक्य असं आहे की ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. आशय असा : जुगार वाईट असला तरी इतकी माणसं तो खेळतात, तेव्हा एखाद्या असाध्य रोगासारखी त्याची चर्चा करणं हे वैद्याचंच काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत आज जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून नोंदलेला आहे. कार्दानो चारशेहून अधिक वर्षं आधी तिथे पोचला होता, आणि स्वतः त्या रोगाचा पेशंट असताना.

त्याची मुख्य कल्पना ऐकायला अगदी साधी आहे. दोन फासे टाकले तर एकूण ३६ प्रकारे पडू शकतात. आधी हे सगळे प्रकार मोजा. मग तुम्हाला हवे असलेले प्रकार मोजा. दहा बेरीज हवी? पाच-पाच, सहा-चार, चार-सहा : ३६ पैकी ३. निदान एका फाशावर एक्का हवा? ३६ पैकी ११. हे आज सातवीतलं पोर करतं. पण त्याआधी शतकानुशतकं लोक फासे टाकत होते आणि दान पडणं हे नशीब, ग्रह किंवा देवाची मर्जी मानत होते. स्वतः कार्दानोही ज्योतिषी होता, नशिबावर त्याचा पूर्ण विश्वास होता, आणि तरीही त्यानं मोजलं. पुस्तकात चुका पुष्कळ आहेत. एका पानावर चुकीचा नियम देतो, पुढे जाऊन तो आपणच खोडतो, पण आधीचं पान फाडत नाही. मला ते केसपेपरसारखं वाटतं.

त्यात ‘प्रिमेरो’ नावाच्या पत्त्यांच्या खेळाचीही चर्चा आहे. चाळीस पत्त्यांचा कॅट, प्रत्येकाला चार पानं, बोली वाढवत न्यायची आणि हातात काही नसताना आव आणून समोरच्याला पळवायचं. पोकरच्या पूर्वजांत याची गणना होते.

कार्दानोचा शेवट चांगला झाला नाही. थोरल्या मुलानं बायकोला विष दिलं म्हणून १५६० साली त्याचा शिरच्छेद झाला. दहा वर्षांनी खुद्द कार्दानोला धर्मन्यायालयानं कैदेत टाकलं. १५७६ मध्ये तो रोममध्ये वारला. जुगारातला सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तो न खेळणं, असंही याच पुस्तकात तो लिहून गेलाय. पुस्तक छापलं गेलं १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर सत्त्याऐंशी वर्षांनी, आणि तोवर हे गणित दुसऱ्यांनी पुन्हा शोधून काढलं होतं.

ते दुसरे म्हणजे पास्काल आणि फर्मा. १६५४ सालचा त्यांचा पत्रव्यवहार गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, त्यात फार शिरत नाही. त्यातला एक प्रश्न मात्र सांगतो, शेवटी उपयोगी पडेल. शव्हालिए द मेरे नावाच्या एका फ्रेंच सरदाराला कोडं पडलं होतं. एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा सहा पडेल अशी पैज फायद्याची असते. मग दोन फासे चोवीस वेळा टाकून निदान एकदा दोन्ही सहा पडतील ही पैज तोट्याची का? उलट बाजूनं मोजायचं ही युक्ती आहे. एका वेळी सहा न पडण्याची शक्यता सहात पाच. चारही वेळा न पडण्याची म्हणजे पाच-षष्ठांशाला चार वेळा गुणायचं : सुमारे ४८ टक्के. म्हणून पडण्याची ५२. जोडीच्या सहाचं तसंच केलं तर ४९ टक्के भरतात. पन्नासच्या अलीकडे आणि पलीकडे, एवढाच फरक.

यावरून गॅलिलिओचं आठवतं. तीन फाशांची बेरीज नऊ येण्यापेक्षा दहा जास्त वेळा येते असं जुगाऱ्यांना वाटायचं. त्यानं मोजून दाखवलं : २१६ पैकी २५ आणि २७. एक टक्क्याहून कमी फरक, आणि तो लोकांना नुसत्या अनुभवानं जाणवला होता! अनुभवी डॉक्टरचा ‘हात’ कुठून येतो हे कळायला हे उदाहरण चांगलं आहे. फक्त त्यासाठी तितके फासे टाकलेले असावे लागतात. दहा पेशंट पाहून बांधलेलं मत तेवढ्याच किमतीचं.

आता पोकर. लीलावतीतली रीत घ्या. ५२ गुणिले ५१ गुणिले ५० गुणिले ४९ गुणिले ४८, आणि त्याला १२० नं भागा. उत्तर २५,९८,९६०. पाच पानांचे इतके वेगवेगळे हात होतात. त्यात निम्म्याहून थोडे जास्त, १३,०२,५४०, अगदीच फुटके, एक जोडीसुद्धा नाही. एक जोडी असलेले १०,९८,२४०. पाचही पानं ओळीनं आलेला सिक्वेन्स १०,२००. पाचही एकाच रंगाची, म्हणजे कलर, ५,१०८. चार एकसारखी पानं ६२४. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो तो दुर्मिळ आहे म्हणून. नियम मोजणीवर उभा आहे.

आपल्या तीन पत्तीत मात्र उलटं आहे, कारण पानं तीनच. एकूण हात २२,१००. त्यात नुसते सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून इथे सिक्वेन्स वरचढ. इथपर्यंत ठीक. पण तीन एक्के किंवा तीन राजे असे ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८ आहेत. म्हणजे खरं तर प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मिळ, तरी सगळीकडे ट्रेलच मोठा मानतात. पिढ्यान् पिढ्या खेळणाऱ्यांनी हे तपासलं नाही. (आमच्या क्षेत्रातही असे ‘ट्रेल’ पुष्कळ होते. एका मोठ्याकडे पुढे येतोच.)

पोकरचा हल्लीचा प्रकार बहुतेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. दोन पानं हातात, पाच टेबलावर एकेक टप्प्यानं उघडतात. समजा तुमच्या हातात दोन बदाम आहेत आणि टेबलावरच्या तीन पानांत दोन बदाम आहेत. अजून एक बदाम आला की कलर. तुम्ही पाहिलेली पानं पाच, न पाहिलेली ४७, त्यांत बदाम नऊ. पुढचंच पान बदाम असण्याची शक्यता ४७ पैकी ९, म्हणजे १९ टक्के. दोन पानं उघडायची असतील तर ३५ टक्के. मधे ५०० रुपये जमलेत आणि खेळात राहायला तुम्हाला १०० घालायचेत. सहाशेतले शंभर म्हणजे सुमारे १७ टक्के किंमत, शक्यता १९, तेव्हा घालण्यात अर्थ आहे. २०० घालायचे असतील तर सातशेतले दोनशे म्हणजे २८ टक्क्यांहून जास्त किंमत, तेव्हा पानं खाली ठेवायची.

इथे एक गोष्ट नीट पाहा. शंभर रुपये घालण्याचा निर्णय बरोबर होता, तरीही पाचात चार वेळा पुढचं पान बदाम नसणार. निर्णय बरोबर आणि निकाल वाईट. पट्टीचा खेळाडू हे मनाला लावून घेत नाही. पेशंट, नातेवाईक आणि डॉक्टर, आपण तिघंही लावून घेतो. आणि ‘चार वेळा आला नाही म्हणजे आता येणारच’ असं मानणारा तर बुडतोच. १९१३ साली मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटचा गोळा सलग २६ वेळा काळ्यावर पडला. लोक दर खेपेला ‘आता लाल’ म्हणून जास्त पैसे लावत गेले आणि धुतले गेले. दोन मुलींनंतर ‘आता मुलगाच’ म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो. पोटातल्या गर्भाला आधीचा हिशेब माहीत नसतो.

एक सूचना, डॉक्टर म्हणून. हे गणित येणं आणि जुगारात जिंकणं यात फार अंतर आहे, कारण दर डावातून अड्डा किंवा ॲप आपला वाटा काढून घेतं. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, तरी सवय कायद्यानं सुटत नाही. घरात कोणी कर्ज लपवून खेळत असेल तर ओरडण्याआधी १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी नंबरवर बोला. मराठीत बोलता येतं.

आता हे गणित दवाखान्यात शिरलं तो क्षण.

अठराव्या शतकात देवीच्या रोगानं युरोपात हाहाकार होता. त्यावर एक उपाय होता : देवीच्या फोडातला स्राव निरोगी माणसाला टोचायचा. बहुधा सौम्य आजार यायचा आणि जन्माचं संरक्षण मिळायचं. पण काही जण त्यातच जायचे. १७२१ साली बोस्टनमध्ये साथ आली. सुमारे ५,९०० लोक आजारी पडले, ८४४ मेले. टोचून घेतलेल्या अडीचशेच्या आत माणसांत सहा मेले. सातात एक आणि चाळिसात एक. तरीही टोचणाऱ्या डॉक्टरच्या मागे लोक धावले होते.

१७६० मध्ये डॅनियल बर्नुली यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे याचा हिशेब मांडला. हा गणिती म्हणून ओळखला जातो, पण शिकला होता वैद्यक. टोचण्यानं दोनशेत एक मरतो असं धरलं तरी, सगळ्यांना लहानपणीच टोचलं तर सरासरी आयुष्य सुमारे तीन वर्षांनी वाढेल, असं त्यानं दाखवलं. म्हणजे सरळ फायद्याचा डाव.

दालाम्बेर या दुसऱ्या मोठ्या गणित्यानं लगेच हरकत घेतली. तो टोचण्याच्या विरुद्ध नव्हता. त्याचं म्हणणं असं : फायदा तीन वर्षांचा, पण तो मिळणार आयुष्याच्या शेवटी, थोडाथोडा, आणि सरासरीत. धोका आहे तो या महिन्यात, पूर्ण मरणाचा, आणि माझ्या एकुलत्या एका मुलाला. आईनं हे दोन एकाच तागडीत कसे घालावेत?

मला विचाराल तर दोघंही बरोबर होते, आणि कन्सल्टिंग रूममध्ये हा वाद अजून रोज चालतो. याच काळातली एक हकीकत मला विसरता येत नाही. अमेरिकेतले बेंजामिन फ्रँकलिन टोचण्याचे समर्थक, पण स्वतःच्या चार वर्षांच्या मुलाला त्यांनी टोचलं नव्हतं. १७३६ साली तो देवीनं गेला. पुढे आत्मचरित्रात त्यांनी आईबापांसाठी लिहून ठेवलं की टोचल्यानं मूल गेलं तर स्वतःला कधी माफ करता येणार नाही असं वाटून लोक टाळतात, पण न टोचता गेलं तरी पश्चात्ताप तितकाच होतो.

पुढे जेनरची गाईच्या देवीची लस आली आणि तराजू पूर्ण एका बाजूला झुकला. भारतात ती पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांनी आपला दंड पाहावा. तो गोल व्रण त्या लशीचा.

आता मघाशी म्हटलेला आमचा ‘ट्रेल’. न्यूमोनियात शीर कापून रक्त काढणं हा दोन हजार वर्षांचा मान्य उपचार होता. पॅरिसच्या पिएर लुई या डॉक्टरनं न्यूमोनियाचे ७७ पेशंट घेतले आणि नुसतं मोजलं. पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेल्या ४१ पैकी १८ मेले होते. उशिरा काढलेल्या ३६ पैकी ९. ज्यांच्यावर उपचार लवकर झाला ते जास्त मेले. हे गट चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते, त्यामुळे पुरावा पक्का नाही, पण कोणीतरी मोजलं होतं. त्यावर पॅरिसच्या वैद्यक अकादमीत खडाजंगी झाली. या आकड्यांनी वैद्यकाची लॉटरी होईल, असं एकानं सुनावलं. बिचाऱ्याला माहीत नव्हतं की शंभर-एक वर्षांनी खरोखर लॉटरीच लागणार होती. ब्रिटनमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी केली, तिचा अहवाल १९४८ साली आला. औषध कोणाला द्यायचं हे डॉक्टरनं ठरवलं नाही, यदृच्छेनं निवडलेल्या आकड्यांनी ठरवलं. पत्ते पिसून वाटावेत तसं. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, फक्त विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. आज तुम्ही घेता त्या बहुतेक नव्या गोळ्यांमागे अशी पिसलेली पानं आहेत.

आता त्या ड्रॉवरमधल्या कॅटकडे येतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या एका पेशंटचं, एका शाळामास्तरांचं, पित्ताशयाच्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. त्यांनी विचारलं, “काही होणार तर नाही ना?” मी म्हणालो, “काही होत नाही हो, दुसऱ्या दिवशी घरी.” या ऑपरेशनात पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारात तीन ते पाच असतं. ते मला माहीत होतं. घाबरतील म्हणून मी सांगितलं नाही. त्यांना ती इजा झाली. दुसरं ऑपरेशन, नळ्या, दीड महिना हॉस्पिटल. ते वाचले. पुढे चेकअपला आले तेव्हा शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, हजारात चार म्हणाला असतात तरी मी ऑपरेशन केलंच असतं. पण घरी तसं सांगून आलो असतो.” मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

त्यानंतर मी कॅट आणून ठेवला. टक्के म्हटलं की लोकांची नजर निर्जीव होते, पत्ते सगळ्यांना कळतात. शेकडा पंचवीस म्हणजे कॅट पिसून काढलेलं पान बदाम निघणं. शेकडा आठच्या आसपास म्हणजे कुठलाही एक्का. शेकडा दोन म्हणजे इस्पिकचाच एक्का. हजारात चार म्हणजे असे चार-पाच कॅट एकत्र पिसून त्यात खूण केलेलं एकच पान.

गेल्या पावसाळ्यात एक सत्तरीचे आजोबा आले, निवृत्त एसटी कंडक्टर. हृदयाचे ठोके अनियमित, एट्रिअल फिब्रिलेशन. अशा माणसाच्या हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचा धोका असतो. नेमका किती ते वय, बीपी, डायबिटीस, आधीचा झटका यावर ठरतं. त्यांच्या बाबतीत मी वर्षाला शेकडा पाच धरला. रक्त पातळ करणाऱ्या गोळीनं तो सुमारे दोन-तृतीयांशानं कमी होतो, पण रक्तस्रावाचा थोडा धोका येतो. मी कॅट काढला. म्हटलं, “आजोबा, यातलं कुठलंही काळं-लाल राजाचं पान काढाल त्याहून कमी धोका. गोळीनं तो इस्पिकच्या एक्क्याएवढा उरेल.”

त्यांनी कॅट हातात घेतला, सराईतासारखा पिसला आणि विचारलं, “हे एका वर्षाचं झालं. पुढच्या वर्षी परत पिसायचा का?”

मला हे विचारणारे ते पहिलेच. द मेरेचा प्रश्न होता हा. मी कागद घेऊन उलट बाजूनं मोजलं. गोळीशिवाय एक वर्ष सुखरूप जाण्याची शक्यता शंभरात ९५. दहा वर्षं सुखरूप जाण्याची म्हणजे हे दहा वेळा गुणायचं : साधारण ६०. म्हणजे दहा वर्षांत शंभरातले चाळीस जण सापडणार. गोळी घेऊन वर्षाला दोन धरले तर दहा वर्षांत अठराच्या आसपास. वय वाढेल तसा धोकाही वाढतो, ते यात धरलेलं नाही, हेही सांगितलं. रक्तस्रावाचा आकडा सांगितला, काळ्या रंगाची शौच झाली किंवा डोक्याला मार लागला तर थेट यायचं हे सांगितलं, आणि ही गोळी कोणाचं ऐकून मनानं सुरू किंवा बंद करायची नाही हेही. (वाचणाऱ्यांनाही तेच सांगतोय.)

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली, “हिला दाखवतो,” म्हणाले, आणि कॅट परत देताना विचारलं, “मेंढीकोट खेळता का हो तुम्ही? आमच्यात एक गडी कमी पडतो.”

गोळी त्यांनी दोन दिवसांनी सुरू केली. मेंढीकोटला मी अजून गेलेलो नाही.